क्लाउड ॲक्टिव्हेशनला हरकत नाही, तीस दिवसांच्या लीजला आहे

मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांकडून हल्ली एक ठरावीक पत्र येतं: अमुक तारखेनंतर लायसन्स फाइल (तुमच्याच सर्व्हरवर ठेवलेली परवान्याची फाइल) चालणार नाही, त्याआधी क्लाउड ॲक्टिव्हेशनवर या, म्हणजे परवाना इंटरनेटवरून आमच्या सर्व्हरकडून वेळोवेळी ताजा करून घ्या. सिट्रिक्सने यासाठी १५ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. सिस्को आणि ऑटोडेस्क त्याआधीच या वाटेने गेले. ग्राहकाच्या आयटी विभागात हे पत्र देखभालीचं काम म्हणून नोंदवलं जातं. लायसन्स सर्व्हर अपग्रेड करा, फायरवॉलमध्ये एक पत्ता उघडा, नोंदणी करा, तिकीट बंद करा.

या यादीत एक प्रश्न कुठेच नसतो. उद्यापासून आपल्या यंत्राचा आणि विक्रेत्याच्या सर्व्हरचा संबंध तुटला, तर हे सॉफ्टवेअर कोणत्या तारखेला थांबेल? लायसन्स फाइल उघडली की तिच्यात ही तारीख स्पष्ट लिहिलेली असे. क्लाउड ॲक्टिव्हेशनमध्ये ती विक्रेत्याच्या धोरणात असते, आणि धोरण बदलायला त्याला ग्राहकाची सही लागत नाही. या स्थलांतरात बाकी सगळं तांत्रिक आहे आणि सुटण्यासारखं आहे. वाटाघाटी करायच्या त्या या तारखेवर. माझं म्हणणं असं, की एंटरप्राइज सॉफ्टवेअरसाठी संपर्काविना चालण्याची मुदत किमान १८० दिवस असावी, ती करारात आकड्याने लिहिलेली असावी, आणि तीस दिवसांवर कुणीही सही करू नये.

आधी फाइलबद्दल प्रामाणिकपणे बोलू. फाइलचे दिवस फार सुखाचे होते असं मानणाऱ्यांनी बहुधा लायसन्स सर्व्हर सांभाळलेला नसतो. फ्लेक्सएलएम, म्हणजे आजचं फ्लेक्सनेट, या प्रणालीवर अभियांत्रिकी सॉफ्टवेअरची अख्खी पिढी चालली. तिची फाइल साधी मजकुराची असते. पहिल्या ओळीत सर्व्हरचं नाव, त्याची यंत्र-ओळख (बहुधा नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्या कार्डाचा ठरलेला क्रमांक) आणि पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचा संपर्क-क्रमांक. दुसऱ्या ओळीत व्हेंडर डेमन, म्हणजे पार्श्वभूमीवर चालणारा विक्रेत्याचा प्रोग्राम. मग प्रत्येक घटकासाठी एक ओळ: नाव, आवृत्ती, संपण्याची तारीख, एकाच वेळी किती जण वापरू शकतात तो आकडा, आणि शेवटी डिजिटल सही. ही सही बरोबर आहे की नाही ते सॉफ्टवेअर तिथल्या तिथे तपासतं, बाहेर कुणाला विचारत नाही. फाइलची सगळी ताकद एवढ्यातच आहे.

दुखणी मात्र खूप. नेटवर्क कार्ड बदललं की यंत्र-ओळख बदलते आणि उणे ९ ही चूक येते. मग नवी फाइल मागवण्यासाठी अर्ज, ईमेल, वाट पाहणं. मुख्य डेमन साधारण २७००० ते २७००९ यांपैकी एका पोर्टवर ऐकतो, पण व्हेंडर डेमनचा पोर्ट फाइलमध्ये बांधून दिला नाही तर प्रत्येक वेळी सुरू होताना तो कुठलाही मोकळा पोर्ट घेतो. मग सर्व्हर रीस्टार्ट झाला की फायरवॉलपलीकडचे वापरकर्ते अडकतात, आणि काल चालणारं आज का चालत नाही याचा शोध घेण्यात दिवस जातो. घड्याळ मागे गेल्याचा संशय आला की उणे ८८. तीन सर्व्हरची जोडणी केली असेल तर त्यांपैकी दोन कायम चालू लागतात, त्यामुळे एक सर्व्हर देखभालीसाठी खाली असताना दुसरा पडला की तिसरा जिवंत असूनही उपयोग नसतो. आभासी यंत्राची (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाची) नक्कल केली की मॅक पत्ताही कधी कधी नकलेत जातो आणि एकच लायसन्स दोन ठिकाणी चालू लागतं. ऑडिटमध्ये हे निघालं की ग्राहकाचा हेतू कितीही सरळ असो, बिल येतं.

तेव्हा विक्रेत्याला बदल हवा यात गैर काही नाही. कोण काय वापरतो ते त्याला कळतं, यंत्र बदलल्यावर नवी फाइल घडवून द्यायचा खर्च वाचतो, वर्गणी संपली की वापर थांबवता येतो. ग्राहकालाही फायदा आहे. हक्क किती, वापर किती, शिल्लक किती हे एका पडद्यावर दिसतं आणि यंत्र बदलणं काही मिनिटांचं काम होतं.

आता क्लाउड ॲक्टिव्हेशन नेमकं काय करतं ते पाहू, कारण माझा सगळा युक्तिवाद यावर उभा आहे. ग्राहकाच्या यंत्रावर सांकेतिक किल्ल्यांची एक जोडी तयार होते. यंत्राची ओळख, उत्पादनाचं नाव, आवृत्ती आणि ग्राहकाच्या खात्याचं टोकन (ओळख पटवणारा सांकेतिक मजकूर) ४४३ पोर्टवरून विक्रेत्याकडे जातं. तिकडून डिजिटल सही असलेला एक दाखला परत येतो, ज्याला लीज म्हणतात. त्या लीजमध्ये हक्क कोणते, कोणत्या यंत्रासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत हे लिहिलेलं असतं. ती डिस्कवर साठवली जाते, आणि सॉफ्टवेअर रोजच्या तपासणीत तीच वाचतं. मुदत संपायच्या बरंच आधी पार्श्वभूमीवर नूतनीकरण होत राहतं.

म्हणजे क्लाउड ॲक्टिव्हेशनच्या शेवटीही डिस्कवर सही केलेली फाइलच असते. फरक दोनच: तिचं आयुष्य कमी असतं, आणि ती पुन्हा मिळवायला दर वेळी विक्रेत्याकडे जावं लागतं. हे आयुष्य तीस दिवसांचं असावं की एकशेऐंशी, याला गणिताचं किंवा सुरक्षेचं कारण नाही. सही तीच, किल्ली तीच, तपासणी तीच. बदलतो तो लीजमधला एक तारखेचा रकाना. ‘तांत्रिक मर्यादा आहे’ असं उत्तर विक्रीप्रतिनिधीकडून आलं तर ते नम्रपणे परत करावं.

१८० हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. मायक्रोसॉफ्टच्या केएमएसमध्ये, जिथे संस्थेच्या आतलाच सर्व्हर १६८८ पोर्टवर विंडोजला ॲक्टिव्हेट करतो, प्रत्येक ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकतं. यंत्र दर सात दिवसांनी नूतनीकरणाचा प्रयत्न करतं, म्हणजे एक संधी हुकली तर पुढे पंचवीसेक संधी असतात. त्याच कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट ३६५ ॲप्सचा नेहमीचा नियम तीस दिवसांचा आहे. तेवढ्यात एकदा संपर्क झाला नाही, तर दस्तऐवज उघडता आणि छापता येतात, पण लिहिता येत नाही. मात्र संस्थांसाठी त्यांनी वाढीव ऑफलाइन मुदतीची सोय ठेवली आहे, ती १८० दिवसांची. व्हीएमवेअर क्लाउड फाउंडेशनच्या ९व्या आवृत्तीत वापराचा अहवाल १८० दिवसांतून एकदा द्यावा लागतो, आणि इंटरनेट नसलेल्या ठिकाणी तो फाइलने हाती नेऊन देता येतो. ही उदाहरणं धर्मादाय संस्थांची नाहीत, आपला महसूल डोळ्यांत तेल घालून जपणाऱ्या कंपन्यांची आहेत. त्यांना १८० दिवस परवडतात, तर इतरांना का परवडू नयेत?

सिस्कोची वाटचाल याहून बोलकी आहे. त्यांच्या जुन्या स्मार्ट लायसन्सिंगमध्ये उपकरणाला दर तीस दिवसांनी संमती ताजी करावी लागे, आणि नव्वद दिवस संपर्क नसला की ती संपलेली धरली जाई. २०२० मध्ये आयओएस एक्सई या त्यांच्या उपकरणांच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १७.३.२ आवृत्तीपासून आलेल्या नव्या पद्धतीत बहुतेक घटकांसाठी आगाऊ नोंदणीच काढून टाकली. आधी वापरा, मग ठरलेल्या मुदतीत अहवाल द्या, असा क्रम झाला. राउटर लायसन्सपायी अडून बसणं हे कुणाच्याच हिताचं नाही, हे त्या रचनेत मान्य केलेलं दिसतं.

यावर एक खरा आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणं योग्य नाही. विक्रेत्यांचे सर्व्हर पडतात, पण फार काळ पडून राहत नाहीत. ऑगस्ट २००७ मध्ये विंडोज जेन्युइन ॲडव्हांटेज या विंडोजची प्रत अस्सल आहे का ते तपासणाऱ्या सेवेच्या सर्व्हरमध्ये बिघाड होऊन अस्सल प्रती नकली ठरल्या. ते दिवसभरात निस्तरलं. मे २०१४ मध्ये अडोबीची लॉगिन सेवा एक दिवसाहून जास्त बंद होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये विंडोज १० प्रोची ॲक्टिव्हेशन गेली आणि यंत्रं स्वतःला होम आवृत्ती समजू लागली. तेही लवकरच ठीक झालं. १५ मार्च २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टच्या ओळख-सेवेतून जपून ठेवायची एक सहीची किल्ली चुकून काढली गेली आणि जगभर लॉगिन अडले, पण काही तासांपुरतेच. यांपैकी एकाही प्रसंगात तीस दिवसांची लीज अपुरी पडली नसती. मग १८० कशाला?

कारण धोका सर्व्हर पडण्याचा नाही. जे तासांत सुटत नाही, त्याचा आहे.

ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकी अध्यक्षांच्या आदेशाचा हवाला देऊन अडोबीने व्हेनेझुएलातल्या सगळ्या ग्राहकांना कळवलं, की तुमची खाती बंद होणार. सूचनेपासून अखेरच्या तारखेपर्यंत तीन आठवडे होते. पुढे अमेरिकी सरकारकडून परवानगी मिळाली आणि सेवा चालू राहिली, पण त्या तीन आठवड्यांत तिथल्या एखाद्या वृत्तपत्राने किंवा छापखान्याने काय करावं अशी अपेक्षा होती? करारातले वाद महिनोन्‌महिने चालतात. विक्रेती कंपनी विकली जाते, नवे मालक जुनं पोर्टल बंद करून खाती नव्या पोर्टलवर नेतात, आणि त्यात ग्राहकाचे हक्क ‘सापडत नाहीत’. खरेदी विभागात नूतनीकरणाची फाइल एका सहीसाठी पडून राहते. आर्थिक वर्ष संपताना निधी अडतो. रुग्णालय, पाणीपुरवठा यंत्रणा, विद्यापीठ, न्यायालयीन अभिलेखागार अशा ठिकाणी हे सगळं नेहमीचंच आहे. यांतल्या कशालाच तीस दिवस पुरत नाहीत.

शिवाय तीस दिवस हे कागदावरचे तीस दिवस आहेत. नूतनीकरण पार्श्वभूमीवर होतं, म्हणून ते बंद पडल्याचंही पार्श्वभूमीवरच राहतं. पहिली इशारावजा सूचना अनेकदा प्रशासकाच्या कन्सोलमध्ये येते, आणि सगळं सुरळीत चालू असताना ते कन्सोल रोज कोण उघडतं? एक आठवडा त्यात जातो. मग कारण शोधणं, नेटवर्क विभागाला तिकीट, सुरक्षा विभागाची मंजुरी, आणि बदल करायची ठरलेली रात्र, जी मोठ्या संस्थांत महिन्यातून एकदाच असते. हिशेब मांडला तर तीस दिवसांतले हातात उरतात दोन-तीन.

आपल्या संस्थेसाठी योग्य मुदत काढायची पद्धत सोपी आहे. फायरवॉलमधला बदल, खरेदीची मंजुरी, सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलणं आणि कायदेशीर सल्ला यांपैकी जे सर्वात हळू चालतं, त्याला गेल्या दोन वर्षांत जास्तीत जास्त किती दिवस लागले ते नोंदींतून काढा आणि त्याची दुप्पट करा. बहुतेक मोठ्या संस्थांत उत्तर पाच-सहा महिन्यांच्या आसपास येईल.

स्थलांतर करताना काय बिघडतं हेही लिहिलं पाहिजे, कारण लीजची मुदत खर्ची पडते ती याच बिघाडांत. सर्वात जास्त वेळा दोष असतो प्रॉक्सीचा, म्हणजे संस्थेतून इंटरनेटकडे जाणाऱ्या मध्यस्थ सर्व्हरचा. प्रशासक ब्राउझरमध्ये विक्रेत्याचा पत्ता उघडून पाहतो, पान दिसतं, म्हणून रस्ता मोकळा आहे असं समजतो. पण लायसन्सची सेवा त्याच्या खात्यावर चालत नाही, ती यंत्राच्या खात्यावर चालते, आणि वापरकर्त्याची प्रॉक्सी तिला दिसत नाही. विंडोजवर अशा सेवा वापरतात त्या विनएचटीटीपी या घटकाची प्रॉक्सी वेगळी लावावी लागते. दुसरा दोष टीएलएस, म्हणजे इंटरनेटवरच्या कूटबद्ध संपर्काच्या तपासणीचा. संस्थेची सुरक्षा-पेटी येणारी-जाणारी कूटबद्ध माहिती उघडून पुन्हा स्वतःच्या प्रमाणपत्राने कूटबद्ध करते, आणि ॲक्टिव्हेशनची सेवा ते प्रमाणपत्र नाकारते. यावर उपाय म्हणजे त्या पत्त्यांना तपासणीतून वगळणं. पत्ते नावाने वगळावेत, आयपी आकड्याने नव्हे, कारण क्लाउडमागचे आयपी न सांगता बदलतात. एकदा आयपी लिहून ठेवले की सहा महिन्यांनी कुणालाच न आठवणारा बिघाड तयार होतो.

तिसरा दोष फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. ४४३ उघडला, तरी प्रमाणपत्र रद्द झालं आहे का हे तपासण्यासाठी यंत्राला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे बहुधा ८० पोर्टवरून जावं लागतं, आणि तो बंद असतो. अशा वेळी ॲक्टिव्हेशन नाकारलं जात नाही, नुसतं खूप वेळ लटकतं आणि मग वेळ संपल्याची चूक देतं. जुन्या यंत्रांवर मूळ प्रमाणपत्रांचा साठाही शिळा असतो. ३० सप्टेंबर २०२१ रोजी डीएसटी रूट सीए एक्स३ हे मूळ प्रमाणपत्र संपलं, तेव्हा कित्येक जुन्या प्रणालींचे सुरक्षित संपर्क तुटले होते. घड्याळ काही मिनिटांपलीकडे चुकलं असेल तरी टोकन नाकारलं जातं, म्हणून नोंदणीआधी एनटीपी (घड्याळ नेटवर्कवरून जुळवणारी सेवा) तपासावं.

मग आभासी यंत्रांचा प्रश्न. एका मूळ प्रतिमेवरून रोज सकाळी नवे डेस्कटॉप उभे राहत असतील, तर प्रतिमा गोठवण्याआधी ॲक्टिव्हेशन केल्यास सगळ्यांची ओळख एकच येते, आणि न केल्यास प्रत्येक डेस्कटॉप रोज नवं यंत्र म्हणून मोजला जातो. विक्रेत्याकडे अशा वापरासाठी वेगळी सामायिक पद्धत आहे का, हे आधी विचारलं पाहिजे. स्नॅपशॉटवरून (यंत्राच्या आधीच्या स्थितीच्या जपलेल्या प्रतीवरून) यंत्र मागे नेलं की जुनी लीज परत येते. ती संपलेली असू शकते, किंवा विक्रेत्याच्या नोंदीशी तिचा मेळ बसत नाही.

आणि आपत्कालीन केंद्राकडे सर्वांत आधी पाहावं. दुसऱ्या शहरातलं राखीव केंद्र सरावासाठी मुद्दाम बंद नेटवर्कमध्ये उभं केलं जातं, म्हणजे चालू व्यवस्थेशी त्याची गल्लत होऊ नये. फाइल असताना राखीव सर्व्हरसाठी आगाऊ घेतलेली फाइल तिथे ठेवलेली असे. क्लाउड ॲक्टिव्हेशनमध्ये त्या बंद नेटवर्कमधून विक्रेत्यापर्यंत पोचताच येत नाही. सराव कागदोपत्री यशस्वी होतो, कारण लायसन्सची पायरी ‘नंतर पाहू’ म्हणून सोडलेली असते. खऱ्या आपत्तीत, मुख्य केंद्र पाण्याखाली असताना, नवी यंत्र-ओळख असलेला सर्व्हर ॲक्टिव्हेशन मागेल आणि विक्रेत्याचं पोर्टल म्हणेल की तुमचे सगळे हक्क आधीच वापरात आहेत. मुख्य केंद्रातलं यंत्र हक्क परत करायला जिवंतच नसतं. राखीव यंत्रांची नोंदणी आधीच करून ठेवण्याची आणि त्यांना हक्कांच्या मोजणीत न धरण्याची तरतूद लेखी घेतल्याशिवाय स्थलांतर पूर्ण झालं असं म्हणू नये.

स्थलांतराचा क्रमही पत्रात सांगतात त्याच्या उलटा ठेवलेला बरा. आधी नव्वद दिवसांच्या नोंदींवरून प्रत्येक घटकाचा कमाल एकत्रित वापर काढा. फ्लेक्सनेटमध्ये एलएमस्टॅट ही वापर दाखवणारी आज्ञा ठरावीक अंतराने चालवून तो मिळतो. हा आकडा हातात नसेल, तर विक्रेता एकत्रित वापराच्या लायसन्सऐवजी नावानिशी (एकाच ठरावीक व्यक्तीसाठीचं) लायसन्स देऊ करतो तेव्हा व्यवहार फायद्याचा की तोट्याचा हे कळत नाही. ऑटोडेस्कने २०२० मध्ये नेटवर्कवरच्या एका सामायिक वर्गणीमागे दोन नावानिशी वर्गण्या देऊ केल्या होत्या. तीन पाळ्यांत काम करणाऱ्या कार्यालयात एका सामायिक लायसन्सवर तीन जणांचं भागतं, तिथे दोन मिळूनही एक कमी पडतो. एकाच पाळीच्या कार्यालयाला तोच व्यवहार उत्तम.

त्यानंतर उत्पादनांच्या आवृत्त्या पाहा. जुन्या आवृत्त्यांना नवी ॲक्टिव्हेशनची भाषा येत नाही, म्हणून लायसन्स बदलायचं म्हटलं की मागोमाग सॉफ्टवेअर बदलायचं, ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची, आणि त्यावर चालणाऱ्या इतर गोष्टी पुन्हा तपासायच्या असं सगळं येतं. औषधनिर्मितीसारख्या क्षेत्रात, जिथे प्रत्येक आवृत्तीची पडताळणी लेखी करावी लागते, तिथे खरा खर्च हाच असतो, आणि पत्रात त्याचा उल्लेख नसतो. नोंदणी करायच्या आधी एक गोष्ट लेखी विचारा: क्लाउडवर गेल्याक्षणी जुनी फाइल अवैध ठरते का, की ठरलेल्या तारखेपर्यंत दोन्ही चालतात? पहिलं उत्तर आलं तर परतीचा रस्ता नाही, आणि चाचणीसाठी वेगळे हक्क मागावेत.

चाचणी एकच खरी. वेगळ्या यंत्रावर ॲक्टिव्हेशन करा, मग त्याचा बाहेरचा रस्ता तोडा आणि पूर्ण मुदत वाट पाहा. पहिली सूचना कितव्या दिवशी आली, ती कुणाला दिसली, मुदत संपल्यावर चालू असलेलं काम थांबलं की फक्त नवं काम सुरू होईना, आणि रस्ता जोडल्यावर यंत्र आपोआप सावरलं की रीस्टार्ट लागला, हे सगळं लिहून ठेवा. वेळ वाचवण्यासाठी घड्याळ पुढे ढकलण्याचा मोह होतो. तसं करू नये, कारण छेडछाड ओळखणारी यंत्रणा जागी होते आणि जे मोजलं जातं ते लीजचं वागणं नसतं.

ज्या यंत्रांना इंटरनेट देताच येत नाही, म्हणजे वीजकेंद्राचं नियंत्रण, संरक्षण प्रयोगशाळा, समुद्रातले तेलफलाट, त्यांच्यासाठी ‘आमच्याकडे सोय नाही’ हे उत्तर मान्य करू नये. सोयी अस्तित्वात आहेत. सिस्कोकडे संस्थेच्या आत चालणारा मध्यस्थ सर्व्हर आहे आणि हक्क कायमचे राखून ठेवण्याची पद्धतही आहे. व्हीएमवेअरचा फाइलने अहवाल नेण्याचा मार्ग वर आलाच. यंत्राने दिलेला सांकेतिक प्रश्न विक्रेत्याला कळवून त्याचं उत्तर हाताने यंत्रात भरण्याची जुनी रीत तर दूरध्वनीवरून विंडोज ॲक्टिव्हेट करण्याच्या काळापासून चालत आली आहे. फक्त हा मार्ग ‘प्रीमियम’ म्हणून वेगळ्या पैशांत विकला जाऊ नये, एवढं पाहावं लागतं.

विक्रेते चाचेगिरीचं कारण पुढे करतात: लीज लांबवली तर पैसे न भरता कुणी सहा महिने वापरत राहील. एंटरप्राइज ग्राहकाबाबत हे पटत नाही. तिथे करार असतो, बिल असतं, ऑडिटचा हक्क असतो, न्यायालय असतं. फुकट वापरणारे फोडलेली प्रत वापरतात, आणि फोडलेली प्रत विक्रेत्याच्या सर्व्हरला विचारायला जातच नाही. छोट्या लीजचा जाच होतो तो पैसे भरणाऱ्यालाच. तरीही विक्रेत्याची काळजी समजून घ्यायची तर वाट आहे: वर्गणीची अखेर आणि लीजची अखेर या दोन तारखा वेगळ्या ठेवा, आणि वर्गणी संपल्यावर नव्वद दिवसांचा लेखी वाढीव काळ द्या.

काय बाहेर जातं हा प्रश्नही याच टेबलावर सोडवावा. यंत्राची नावं, वापरकर्त्यांची लॉगिन नावं, अंतर्गत पत्ते, कोणता घटक किती वाजता उघडला, यांतलं ॲक्टिव्हेशनला लागतं किती? यंत्राची ओळख आणि आकडा. बाकीच्या रकान्यांची यादी मागा, आणि जे लागत नाही ते बंद करायचा पर्याय मागा.

मालकीचा मुद्दाही आहे. युरोपीय न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी यूजसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या खटल्यात कायमच्या मुदतीने विकलेलं लायसन्स पुढे विकता येतं असा निकाल दिला. फाइलच्या काळात तो हक्क बजावणं शक्य होतं. आज लायसन्स विक्रेत्याच्या खात्यात नोंदलेलं असतं, आणि त्याने ते नव्या मालकाच्या नावे केलं नाही, तर हक्क असूनही सॉफ्टवेअर सुरू होत नाही. तसंच उत्पादन बंद झाल्यावर काय? अडोबीने सीएस२ या आपल्या जुन्या सॉफ्टवेअर-संचाचे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले, तेव्हा जुन्या ग्राहकांसाठी ॲक्टिव्हेशन न लागणारी प्रत उपलब्ध करून दिली. ते योग्य होतं, पण ती त्या कंपनीची मर्जी होती. हे मर्जीवर राहू नये. आणि मागितल्यावर बदल होतात, हेही दिसलेलं आहे. प्रोग्रामिंगची साधनं बनवणाऱ्या जेटब्रेन्सने २०१५ मध्ये वर्गणीची पद्धत जाहीर केली, प्रोग्रामरांनी जोरदार हरकत घेतली, आणि बारा महिने पैसे भरलेल्याला ठरावीक आवृत्ती कायमची वापरता येण्याची तरतूद आली.

मागणी करायची वेळ नूतनीकरणाच्या खरेदी-आदेशाआधीची. तारीख जवळ आल्यावर ग्राहकाच्या हातात काही उरत नाही. सार्वजनिक संस्थांनी तर निविदेतच हा मजकूर टाकावा, म्हणजे सगळ्या बोली लावणाऱ्यांना तो सारखाच लागू होतो:

‘विक्रेत्याच्या ॲक्टिव्हेशन सेवेशी संपर्क नसताना सॉफ्टवेअर शेवटच्या यशस्वी संपर्कापासून किमान १८० दिवस पूर्ण क्षमतेने चालेल. ही मुदत विक्रेत्याच्या धोरणातील बदलाने कमी होणार नाही. नूतनीकरण सलग १४ दिवस अयशस्वी झाल्यास ग्राहकाने नेमलेल्या दोन पत्त्यांवर ईमेलने सूचना जाईल. इंटरनेट नसलेल्या यंत्रांसाठी फाइलद्वारे ॲक्टिव्हेशनचा मार्ग विनामूल्य असेल. आपत्कालीन केंद्रातील राखीव यंत्रांची नोंदणी आगाऊ करता येईल व ती हक्कांच्या मोजणीत धरली जाणार नाहीत. करारासंबंधी वाद चालू असताना, लेखी नोटिशीला ९० दिवस होईपर्यंत, विक्रेता ॲक्टिव्हेशन मागे घेणार नाही. उत्पादन किंवा ॲक्टिव्हेशन सेवा बंद केल्यास, कायमचे हक्क असलेल्या ग्राहकास संपर्काविना चालणारी अंतिम प्रत किंवा मुदत नसलेली लीज त्या तारखेच्या ६० दिवस आधी दिली जाईल.’